उचलीची हाळी

बाजार पाच दिवस बंद होता. सहाव्या दिवशी उघडल्याचं कळलं तसा नागनाथ खोळ काखेत मारून पहाटेच निघाला. बायको विठाबाई म्हणाली, जरा दिवस वर येऊ द्या, नाक्यावर पोलीस अजून बसूनच आहेत. त्यानं ऐकलं नाही. पाच दिवस पत्र्याच्या खोलीत बसून त्याचे गुडघे आखडले होते. चोपन्नाव्या वर्षी हमालाचे गुडघे म्हाताऱ्या बैलासारखे होतात. चालते ठेवले तर चालतात, एकदा बसले की शेपूट पिरगाळूनही उठत नाहीत.

चौऱ्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. टीव्हीवर दहा मिनिटं उर्दूतून बातम्या लागल्या आणि त्यावरून बेंगळूर पेटलं. नागनाथच्या घरात टीव्ही नव्हता. त्याचा जोडीदार चांदपाशा, त्याच्याही नव्हता. दोघं बिदर जिल्ह्यातल्या औरादकडचे, एकाच गावचे, एकाच गल्लीतले. बहात्तरच्या दुष्काळात बरोबरच गाव सोडून यशवंतपूरच्या मालधक्क्यावर आलेले. चांदपाशाच्या तोंडात जन्मापासून गावची मराठी, त्यामुळे त्या बातम्या त्यानं ऐकल्या असत्या तरी निम्म्या त्याच्या डोक्यावरून गेल्या असत्या. पण आग लागते तेव्हा ओल्याबरोबर सुकंही जळतं. कुणाची टपरी जळली, कुणाचा हात मोडला, कुणी घरी परतलाच नाही. नागनाथच्या वस्तीत तसं काही झालं नाही. फक्त लोक दारं लावून बसले आणि कधी नव्हे ते शेजाऱ्यांची आडनावं आठवू लागले.

मालधक्क्यामागं धान्याच्या गोदामांची रांग होती. त्या रांगेत चौदा हमालांची एक टोळी काम करी. आठ हिंदू, सहा मुसलमान. ही मोजणी त्या सकाळपर्यंत कुणी केली नव्हती. मुकादम शेषगिरीनं ती केली. ओट्यावर उभं राहून, कानडी-हिंदीची भेळ करून, तो सगळ्यांना सांगू लागला की व्यापारी घाबरलेत, तेव्हा स्वल्प दिवस आपापल्या माणसांनी आपापलं काम करावं. डावीकडची गोदामं त्या सहा जणांना, उजवीकडची तुम्हा आठांना. कुणाला राग नाही, लोभ नाही. सरी, ठीक?

शेषगिरी वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग वाटणी झाली. पोती ओढायचे लोखंडी आकडे ज्याचे त्याचे होते. लॉरीला लावायच्या फळ्या दोन होत्या, एकेक घेतली. प्यायच्या पाण्याचा रांजण एकच, तो उजवीकडे राहिला, कारण त्याला हलवताना तो फुटला असता. त्याच्यावरचा पितळी तांब्या मात्र चांदपाशानं लेकीच्या मायेनं सांभाळलेला, तो डावीकडची माणसं घेऊन गेली. त्या दिवशी दुपारपर्यंत इकडे पाणी होतं आणि भांडं नव्हतं, तिकडे भांडं होतं आणि पाणी नव्हतं. दोन्हीकडची माणसं तहानेली राहिली आणि कुणीही आधी उठायला तयार होईना. शेवटी विठाबाईनं घरून ॲल्युमिनियमचा डबा आणून रांजणावर पालथा घातला.

विठाबाई त्याच रांगेत फाटकी पोती शिवत असे. दाभण आणि सुतळी घेऊन ती गोदामाच्या सावलीत बसे आणि सांडलेलं धान्य झाडून गोळा करी. नवरा कधी लॉरीवर, कधी पोत्याखाली, हे तिला मान वर न करता कळे. बावीस वर्षं तिनं नागनाथ आणि चांदपाशाची हाळी ऐकली होती.

हमालाचं काम जोडीचं असतं. एकजण लॉरीवर उभा राहून क्विंटलचं पोतं कडेला ओढतो, दुसरा खाली पाठ करून, डोक्यावर बारदानाची खोळ घालून, वाकून उभा राहतो. त्याला मागचं काही दिसत नाही. पोतं कधी येणार, किती आडवं येणार, हे त्याला कळतं ते एका हाळीवरून. वरचा माणूस म्हणतो, ‘या अली’. त्या दोन शब्दांबरोबर पोतं कलतं, खालच्याचे हात मागं जाऊन पोत्याचे कान धरतात आणि गुडघे ताठ होतात. हे तिन्ही एका श्वासात झालं तर पोतं पाठीवर बसतं. श्वासभर मागंपुढं झालं तर कंबर जाते. मालधक्क्यावर सगळ्यांची हाळी हीच होती, हिंदूची आणि मुसलमानाचीही. कुठून आली, कुणी आणली, कुणी विचारलं नव्हतं. पोतं उचलताना धर्म आठवायला माणसाकडं श्वास उरत नाही.

उजवीकडच्या आठ जणांत रघुपती नावाचा एकजण होता. पोतं कमी उचलायचा, बोलायचा जास्त. तो म्हणाला, आता आपली हाळी आपण घेऊ. ‘बजरंगबली’. बाकीच्यांनी माना डोलावल्या. नागनाथनंही डोलावली. त्याला वाटलं, शब्दच तर बदलायचा आहे.

त्याला नवा जोडीदार मिळाला ज्योतिबा. बेळगावकडचा, तिशीतला, तालमीत घोटलेलं अंग, गळ्यात काळ्या दोऱ्यात मारुतीचा बिल्ला. पोरगा वाईट नव्हता. नागनाथला अण्णा म्हणायचा आणि बिडी आधी त्याच्यापुढं धरायचा. पहिली लॉरी तुरीची आली. नागनाथ पाठ करून उभा राहिला. वरून ज्योतिबानं खणखणीत आवाज दिला, “बजरंगबली!”

नागनाथनं ऐकलं. कानानं ऐकलं, मनानं ऐकलं, गुडघ्यानं ऐकलं नाही. गुडघा वाट बघत राहिला. पोतं आलं ते कमरेवर, त्यानं कसंबसं सावरलं आणि तिरपा तिरपा जाऊन थप्पीला टेकवलं. दुसरं तसंच. तिसरं मात्र पाठीवरून घसरून फळीच्या धारेवर आपटलं आणि उभं फाटलं. क्विंटलभर तूर ओट्यावरून खाली ओघळली.

कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट. शेषगिरीनं लांबून एक बोट वर केलं. टोळीचा नेम जुना होता: ज्याच्या हातून वा पाठीवरून एका महिन्यात तीन पोती पडली, त्यानं पोत्याखालून बाहेर यायचं आणि झाडू घ्यायचा. नागनाथनं स्वतः हा नेम दोघा म्हाताऱ्यांना ऐकवला होता. त्यातला एक आता बाजाराच्या फाटकाशी कोथिंबिरीच्या काड्या निवडून विकत होता.

विठाबाई उठली. खाली बसून तिनं तूर सुपात भरली, फाटलेलं पोतं मांडीवर घेतलं आणि शिवायला लागली. नवऱ्यानं फाडलेलं पोतं बायकोनं शिवायचं, तेही चौघांसमोर. तिनं टाका फार बारीक घातला. नागनाथ दुसरीकडं बघत खोळ झटकत राहिला.

संध्याकाळी घरी आल्यावर विठाबाईनं चूल पेटवायच्या आधी अंथरुणांची वळकटी बांधली. आत पाटा घातला, वजनाला. मग बाजेवर चढून उभी राहिली आणि म्हणाली, “व्हा उभं. पाठ करा.”

“येड लागलं का?”

“व्हा म्हणते न्हवं.”

मुलगी सोनम नुकतीच कपड्याच्या कारखान्यातून आली होती. ती दारातच डबा हातात धरून बघत राहिली. नागनाथ पाठ करून वाकला. विठाबाईनं वळकटी कडेला आणली आणि मोठ्यानं म्हणाली, बजरंगबली. वळकटी पाठीवर आली आणि नागनाथ तसाच वाकलेला. पुन्हा. पुन्हा तसाच. सात-आठ वेळा झालं. विठाबाईला घाम फुटला, बाज करकरू लागली. नागनाथ म्हणाला, मला शब्द कळतो, पण तो आत उतरेपर्यंत ओझं येऊन पडतं. विठाबाई कावली. बाजेवरून उतरता उतरता ती सहज पुटपुटली, “या अली, कसं व्हायचं तुमचं.” आणि नागनाथ ताडकन उभा राहिला, इतका की पाठीवरची वळकटी उडून सोनमच्या पायाशी पडली.

तिघंही हसले. विठाबाईला तर हसता हसता बसावं लागलं. मग सोनमनं शेजारच्या भिंतीकडं बघून दार लोटून घेतलं, आणि हसू आपोआप थांबलं. पाटा तडकला होता. विठाबाईनं त्या दिवशी चटणी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी नागनाथनं शेषगिरीला सांगून वरची बाजू घेतली. आपण लॉरीवर राहू, ज्योतिबा खाली राहू दे. वर राहिलं की निदान वाट बघायची नाही, आपणच हाळी द्यायची. हिशोब बरोबर होता. पण बावीस वर्षांची जीभ कुणाच्या हिशोबानं चालत नाही. पहिलंच पोतं कडेला ओढून त्यानं जोर लावला आणि तोंडातून गेलं, “या अली.”

ज्योतिबा पोतं घेऊन बिनबोभाट चालूही लागला. पण रघुपती आपलं पोतं टाकून आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एवढी आवड आहे तर तिकडंच जा की, जागा आहे, सुंता करायला न्हावीबी मिळंल, असं तो म्हणाला. दोघंचौघं खाली बघून हसले. नागनाथचं पोर असतं त्या वयाचा माणूस. नागनाथला वाटलं आकडा फेकून मारावा. त्यानं आकडा पोत्यात रुतवला.

त्यानंतर त्यानं हाळी द्यायचीच सोडली. मुक्यानं पोतं ढकलायचं. दोन वाजेपर्यंत निभलं. मग साखरेचं एक पोतं ज्योतिबाला कळायच्या आत खाली आलं, त्याच्या खांद्याला घासून पडलं आणि फाटलं. खांद्याची साल निघाली. ज्योतिबा एवढंच म्हणाला, “अण्णा, कायबी बोला, शिवी द्या, पण मुकं नगा राहू.” शेषगिरीनं नागनाथकडं बघून दोन बोटं वर केली. साखर बघता बघता मुंग्यांनी काळी झाली. विठाबाई पुन्हा शिवायला बसली.

आता एकच पडायचं राहिलं होतं.

झाडू हातात आल्यावर काय होतं हे नागनाथला ठाऊक होतं. पोटाला मिळत नाही असं नाही, विठाबाई आणि सोनम दोघी कमावत्या होत्या. पण हमाल पोत्याखालून निघाला की त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. ए झाडूवाले, इकडं ये, एवढंच. बावीस वर्षं ज्या रांगेत ताठ चाललो तिथं वाकून कचरा ओढायचा, हे त्याच्यानं होणार नव्हतं. म्हणून त्या दिवशी काम सुटल्यावर तो मालधक्क्यामागच्या नळावर गेला. चांदपाशा तिथं अंग धुवायला येतो, हे त्याला माहीत होतं.

चांदपाशा उघडाच बसला होता, पाठीवर पाणी घेत. त्याच्या पाठीला उजवीकडं एक घट्टा होता, नारळाच्या कवटीएवढा. नागनाथला तो डोळे मिटूनही सापडला असता, कारण बावीस वर्षं तो पोतं त्याच घट्ट्यावर बसवत आला होता. चांदपाशानं सरकून नळाखाली जागा केली. दोघं पाय धुवू लागले. चांदपाशानं विचारलं, किती झाली. नागनाथनं दोन बोटं दाखवली.

“चांद, शेषगिरीकडं दोघं मिळून जाऊ,” नागनाथ म्हणाला. “जोडी तेवढी ऱ्हाऊ दे म्हणू. बाकी टोळ्या कशाबी असू देत.”

“अन् मी बसू कुठं? तुमच्यात का आमच्यात?”

“कुठंबी.”

“कुठंबी बसाया आपल्याला कोण जागा देतंय, नागू.” चांदपाशानं पाण्याची मूठ तोंडावर मारली. त्याच्याकडचीही तऱ्हा तीच होती. धाकट्या जावयाची टपरी जळली होती. रात्री लोक येऊन बसत आणि विचारत, तू अजून त्यांच्यातल्याशी बोलतोस का. तो म्हणे, बोलत नाही. “पन्नाशी उलटली आन् खोटं बोलाया शिकलो बग,” तो म्हणाला.

मग तो एकदम म्हणाला, “माझी माय तुमच्या घरी दळाया यायची, ध्यानात हाय?”

“हाय.”

“जातं कुणाचं होतं?”

नागनाथनं नळ बंद केला. नळ तसाच ठिबकत राहिला.

देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांचं गाव झालं नव्हतं. गाव निजामाचं होतं. सगळीकडं झेंडे लागल्यावर तेरा महिने त्यांच्या गावात रझाकार फिरत होते. त्यांनी एका रात्री नागनाथच्या घरची कडब्याची गंज जाळली आणि चुलत्याला वेशीत मारला. मग फौज आली. गाव मोकळं झालं. आणि फौजेच्या मागोमाग आसपासच्या गावची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. चांदपाशाचा बाप कापूस पिंजणारा. त्याला ओढ्याकडं नेला तो परत आला नाही. माय पोराला घेऊन महिनाभर कुठंतरी लपून राहिली. ती परतली तेव्हा घराला कवाड नव्हतं, चुलीवर भांडं नव्हतं. नागनाथ तेव्हा आठ वर्षांचा. त्याच महिन्यात एका संध्याकाळी आपला बाप खांद्यावरून जात्याच्या दोन्ही तळ्या आणून अंगणात टाकताना त्यानं बघितला होता. ओसाड घरात पडून काय करायचंय, असं बाप आईला म्हणाला होता. आई त्या रात्री जेवली नव्हती. पण जातं तिनं रोवून घेतलं.

“मला ठावं होतं,” नागनाथ म्हणाला.

“मलाबी.”

“मग बावीस वर्सं बोलला कामून न्हाईस?”

“बोललो असतो तर जोडी ऱ्हायली असती का?”

नागनाथच्या जिभेवर एक गोष्ट आली. आमची गंज जळली त्या रात्री रझाकारांपुढं कंदील धरून तुझा बाप चालत होता, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं. कंदील त्याला धरायला लावला होता का त्यानं आपणहून धरला, हे आठ वर्षांच्या पोराला कुठून कळणार. त्यानं ती गोष्ट गिळली. इतकी वर्षं गिळली होती, आज काय नवीन. त्याला फार थकल्यासारखं झालं. दोघं बसले होते तिथून त्यांना आपापलं ओझं दिसत होतं आणि ते उतरवून घ्यायला तिसरा माणूस नव्हता.

“मायनं पहिल्याच दिशी घरघर ऐकून ओळखलं,” चांदपाशा म्हणाला. “आपल्या जात्याचा आवाज बाई ओळखत न्हाई व्हय? तरी जुंधळे घेऊन तुमच्या दारात गेली. तुझ्या मायला इचारलं, घटकाभर दळू का. दर खेपंला इचारायची. दळताना तोंडातून ओवी न्हाई, काय न्हाई. मी म्हणायचो, आपलं हाय तर मागून का घेत न्हाईस. तर म्हणायची, जातं आपलं हाय, पर घर त्यांचं हाय. हळू दळावं.”

“एक दिवस माझी माय समोर बसली तिच्या,” नागनाथ म्हणाला. “खुंट्याला हात घातला.”

“तवापून आपुण दोघं अंगणात खेळाया लागलो.”

हे दोघांनाही आठवत होतं. दोन बाया समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोन हात, आणि तोंडं मिटलेली. चांदपाशा उठला, सदरा घातला. जाताना त्यानं नागनाथच्या पाठीवर, मणक्याच्या जरा डावीकडं, नेहमीच्या जागी तळवा टेकवला. “त्यांच्या घरात हाईस, त्यांचं ते म्हण. काही दिवस. गुडघ्याला समजाव.” शेषगिरीकडं जायचा विषय तिथंच संपला.

गुडघा समजूत ऐकणारा नव्हता. नागनाथ पुन्हा पोत्याखाली आला होता. पुढचे तीन दिवस त्यानं पोती पाडली नाहीत, पण ती कशी नेली हे त्याच्या कमरेला माहीत. प्रत्येक पोतं उशिरा उचललं जाई, प्रत्येकाला कण्यात एक कळ निघे. सकाळी उठताना तो भिंत धरून उठे. विठाबाई रोज एरंडेल गरम करून चोळी आणि काही विचारत नसे. चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. त्यात तीन लॉऱ्या एकदम लागल्या, दोन उजवीकडं आणि एक डावीकडं, आणि वर ताडपत्र्या फाटक्या. भिजला तर सगळा माल जाणार. ज्योतिबाचा सोललेला खांदा अजून ओला होता, पण वरून ओढायला तो चालत होता, म्हणून नागनाथला खाली राहणं भाग होतं. शेषगिरी ओरडत होता. दोन्ही टोळ्या शेजारशेजारच्या ओट्यांवर जुंपल्या. मध्ये पाचसात हातांचं अंतर.

विसावं की बाविसावं पोतं होतं. वारा सुटला होता, फळीवर धूळ आणि तांदळाचा कणीकोंडा पसरला होता, पाय घसरत होता. त्यानं खोळ पुढं ओढली, वाकला, हात मागं नेले. “बजरंगबली!” ज्योतिबाचा आवाज आला. पोतं आलं. गुडघे उठले नाहीत. पोतं पाठीवर अर्धं आणि लॉरीच्या कडेवर अर्धं, आणि ते हळूहळू डावीकडं कलू लागलं. ज्योतिबा वरून पोत्याचा कान धरून ओढत होता आणि परत परत बजरंगबली म्हणत होता, रडकुंडीला येऊन. खोळीच्या फटीतून नागनाथला विठाबाई दिसली. दाभण हातात तसंच उभं धरून ती त्याच्याकडं बघत होती. रघुपती झाडूकडं बघत होता. नागनाथला वाटलं, पडू दे. पडलं की सुटलो.

आणि पलीकडच्या ओट्यावरून, स्वतःच्या पाठीवर पोतं असताना, चांदपाशानं बेंबीच्या देठापासून आवाज दिला, “या अली!”

नागनाथ उठला. आपण उठलो हे त्याला उठल्यावर कळलं. पोतं पाठीवर पाटासारखं बसलं होतं, मणक्याच्या जरा डावीकडं. तो फळीवरून चालत गेला आणि त्यानं पोतं थप्पीला लावलं. परत आला तेव्हा दोन्ही ओट्यांवरची माणसं शेषगिरीकडं बघत होती. शेषगिरीनं वर बघितलं. पहिला थेंब पडला होता. पोतं पडलं नव्हतं, त्यामुळं नेमात काही बसत नव्हतं. तो एवढंच ओरडला, बेगा, बेगा, लवकर.

लॉरी रिकामी होईपर्यंत तसंच चाललं. ज्योतिबा पोतं कडेला आणून थांबे, आणि हाळी पलीकडून येई. चांदपाशाला इकडं बघायची गरज नव्हती. पोतं ओढल्याचा आवाज ऐकून त्याला वेळ कळत होती. पाऊस आला तेव्हा फक्त चार पोती राहिली होती. ती चिंब भिजत उतरवली. विठाबाईनं दाभण पुन्हा चालवायला घेतलं होतं. तिचे डोळे भरून आले होते आणि पावसाचं निमित्त आयतंच मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी चांदपाशा शेजारच्या ओट्यावर नव्हता. त्याच्याच टोळीनं त्याला पार टोकाला, वजनकाट्याच्या पलीकडं, कांद्याच्या चाळीत पाठवलं होतं. त्यांच्या पोत्याला तू कशाला हाळी देतोस, असं त्याला विचारलं म्हणे. तो काय म्हणाला ते कुणी सांगितलं नाही. जाताना त्यानं पितळी तांब्या मात्र रांजणावर आणून ठेवला होता. विठाबाईचा ॲल्युमिनियमचा डबा खाली काढून ठेवलेला होता.

रघुपती म्हणाला, आता बघू. लॉरी लागली. हरभऱ्याची पोती, नवं बारदान, कान कडक. ज्योतिबा वर चढला. त्याचा खांदा सुकून काळा पडला होता. नागनाथनं खोळ घातली, पाठ केली, वाकला. कांद्याची चाळ इतकी लांब होती की तिथून माणूस ओरडलेला इकडं ऐकू येण्यासारखा नव्हता. त्यानं डोळे मिटले.

वर ज्योतिबा थांबला. त्यानं रघुपती कुठं आहे ते पाहिलं. शेषगिरी कुठं आहे ते पाहिलं. गळ्यातला मारुतीचा बिल्ला त्यानं सदऱ्याच्या आत टाकला. मग लॉरीच्या कडेवर गुडघा टेकून तो इतका खाली वाकला की त्याची हनुवटी नागनाथच्या खोळीला लागली.

“या अली,” तो कानात म्हणाला.

नागनाथ उठला आणि चालू लागला. विठाबाईनं त्याच्या पायाचा आवाज ऐकला आणि मान वर न करता सुतळी ओवली. दिवे लागेपर्यंत त्या जोडीनं एकशे दहा पोती उतरवली, आणि हाळी शेजारच्या जोडीलासुद्धा ऐकू गेली नाही.